थेंब न सांडता घटणारे कूलंट : जुन्या डिझेल गाडीवरील कामाच्या नोंदी

५ जानेवारी (मीटर : १,८६,४२० किमी)

गाडी २००८ सालची आहे. इंजिन दोन लिटरचे टर्बो डिझेल, ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा खालचा भाग, बिडाचा आणि त्यावर झाकणासारखे बसणारे हेड ॲल्युमिनियमचे. गेल्या तीन महिन्यांत कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी आज तिसऱ्यांदा खालच्या खुणेखाली गेलेली आढळली. आधीच्या दोन्ही वेळा मी टाकी भरली आणि बॉनेट लावून टाकले. किती भरले आणि किती अंतरानंतर भरले याची एकही नोंद ठेवली नाही, त्यामुळे आज हाताशी केवळ शंका आहे, आकडा नाही. गाडी उभी असते तेथे जमिनीवर थेंब दिसत नाही, तापमानाचा काटा मधोमध स्थिर असतो आणि हीटरची हवाही चांगली गरम येते. तरीही बंदिस्त यंत्रणेतील कूलंट आपोआप आटत नाही. ते घटत असेल तर एक तर बाहेर झिरपून गरम भागांवर वाळून जात आहे, नाही तर इंजिनाच्या आतल्या वाटेने धुराबरोबर निघून जात आहे. यापुढे मोजल्याशिवाय काहीही भरायचे नाही, असे ठरवले आहे.

७ जानेवारी

आजचे सगळे काम मोजपट्टी तयार करण्याचे होते, आणि पुढच्या प्रत्येक निष्कर्षाचा पाया तोच असल्यामुळे त्यावर पूर्ण सकाळ खर्ची घातली. टाकीच्या बाहेरून, आतली पातळी दिसते त्या बाजूला, पांढरी चिकटपट्टी उभी लावली आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या. नंतर औषधाच्या मापाने १००-१०० मिलिलिटर कूलंट ओतत पातळी किती चढते ते पाहिले. टाकीच्या मधल्या भागात १०० मिलिलिटरला पातळी ९ मिलिमीटर चढते. वरचा भाग निमुळता असल्यामुळे तेथे हे प्रमाण लागू होत नाही. म्हणून पातळी नेहमी मधल्या पट्ट्यातच ठेवायची.

मोजमाप रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनावर, त्याच सपाट जागी आणि गाडीचे तोंड त्याच दिशेला ठेवूनच करायचे. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. या गाडीत सुमारे ७ लिटर कूलंट मावते, आणि २० अंशांपासून ९० अंशांपर्यंत तापताना निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण चार ते पाच टक्के फुगते, म्हणजे जवळपास ३०० मिलिलिटर. मी शोधत असलेली घट याहून लहान असू शकते. एकदा गरम आणि एकदा थंड मोजले, तर आकडे काहीही सांगतील आणि मी त्यावर विश्वास ठेवीन.

११ जानेवारी (१,८६,६१०)

पहिला खरा आकडा मिळाला : १९० किलोमीटरमध्ये पातळी १४ मिलिमीटर उतरली, म्हणजे सुमारे १५५ मिलिलिटर कूलंट गेले. दर १०० किलोमीटरला ८० मिलिलिटरच्या आसपास घट होत आहे.

इंजिन थंड असताना हातात दिवा आणि लहान आरसा घेऊन बाहेरून तपासणी केली. वाळलेले कूलंट मागे खूण सोडून जाते; द्रव उडून जातो, पण त्यातील क्षार आणि रंग पापुद्र्यासारखे उरतात, त्यामुळे ओल शोधण्यापेक्षा हा पापुद्रा शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या टाक्या, जेथे त्या ॲल्युमिनियमच्या जाळीला दुमडून बसवलेल्या असतात त्या कडा, पूर्ण कोरड्या होत्या. वॉटर पंपाचे सील फुटल्यावर ज्या छोट्या भोकातून पाझर बाहेर येतो, तेथे आरशात फक्त धूळ दिसली. पुढच्या सीटांखालचे कारपेट कोरडे होते, काचेवर आतून चिकट थर धरत नव्हता आणि ब्लोअर लावल्यावर गोडसर वासही आला नाही. त्यामुळे हीटर कोअरची, म्हणजे केबिनची हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरची, शंका तूर्त बाजूला ठेवली.

थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर बसणाऱ्या वरच्या रबरी होजच्या खालच्या कडेला मात्र फिकट गुलाबी पापुद्रा सापडला. नखाने खरवडल्यावर तो मिठासारखा भुरभुरला. होजचे तोंड क्लिपखाली कडक झाले होते आणि क्लिपची पकडही सैल झाली होती.

१२ जानेवारी

होजला पुरेशी लांबी असल्यामुळे कडक झालेला सव्वा इंचाचा तुकडा कापून टाकला, थर्मोस्टॅटच्या घराची कड बारीक पॉलिश कागदाने साफ केली आणि नवी क्लिप लावली. निघालेले कूलंट थाळ्यात धरून लगेच झाकणबंद डब्यात भरले. ते चवीला गोड आणि विषारी असते. मुले आणि जनावरे वावरतात तेथे ते उघडे ठेवणे धोक्याचे आहे.

मन सुखावले होते, हे मान्य करतो. दोष सापडला, तो दुरुस्त केला, आता काम संपले, असे वाटत होते.

१८ जानेवारी (१,८६,९०५)

काम संपलेले नाही. २९५ किलोमीटरमध्ये पातळी १८ मिलिमीटर उतरली, म्हणजे २०० मिलिलिटर. दर १०० किलोमीटरला ६८ मिलिलिटर. होजची गळती खरी होती, पण एकूण घटीतील तिचा वाटा लहान होता. चिकटपट्टी लावलेली नसती तर गुलाबी पापुद्रा दिसल्याच्या समाधानात मी आणखी महिनाभर टाकी भरत राहिलो असतो. जुन्या गाडीत एक दोष सापडला म्हणजे तोच एकमेव दोष आहे, असे गृहीत धरता येत नाही.

१९ जानेवारी

प्रेशर टेस्टर मागून आणला. हा एक हातपंप असतो. टाकीच्या झाकणाच्या जागी तो बसवून इंजिन चालू न करता यंत्रणेत दाब देता येतो आणि तो टिकतो का ते दाबमापकाच्या काट्यावर पाहता येते. झाकणावर १.४ बार छापलेले आहे, म्हणून त्यापलीकडे दाब दिला नाही. थंड इंजिनावर १.४ बारपासून अर्ध्या तासात काटा १.३५ वर आला. इतक्या लहान उतारावरून काही ठरवणे कठीण, कारण तो टेस्टरच्या स्वतःच्या रबरातूनही होऊ शकतो. झाकण वेगळे तपासले. ते छापील दाबाच्या आसपासच उघडते.

मग गरम स्थितीतील चाचणी केली. गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नसते. दाब अचानक सुटला की उकळते कूलंट उसळून अंगावर येते. म्हणून इंजिन थंड असतानाच टेस्टर बसवला, नंतर इंजिन चालवून तापवले आणि बंद केले. इंजिन निवताना दाब आपोआप उतरतोच, कारण द्रव आकसतो, आणि त्या उताराला गळती समजण्याची चूक सहज होते. त्यासाठी वरच्या होजला तापमापक बांधला, ६० अंश झाल्यावर दाब पुन्हा १.४ बारपर्यंत वाढवला आणि उष्णता टिकावी म्हणून बॉनेट टेकवून ठेवले. वीस मिनिटांत तापमान चारच अंशांनी घटले आणि काटा मात्र १.० वर आला. चार अंशांच्या आकुंचनाने एवढा दाब उतरणार नाही. बाहेर सर्वत्र हात फिरवला, आरसा फिरवला. कोठेही ओल नव्हती.

म्हणजे गळती आहे, ती आतल्या बाजूला आहे आणि धातू तापल्यावर वाढते आहे.

२३ जानेवारी

जुने जाणते मेकॅनिक स्नेही रसायनाची चाचणी घेऊन आले. काचेच्या नळीत निळा द्रव असतो. कूलंटच्या टाकीतील हवा रबरी फुग्याने त्यातून ओढून घ्यायची. त्या हवेत ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग बदलतो, पेट्रोल इंजिनात पिवळ्याकडे आणि डिझेलमध्ये बहुधा हिरवटपणाकडे, कारण डिझेल इंजिन मोकळे फिरत असताना हवा भरपूर आणि इंधन थोडे असते व धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो. टाकीतील पातळी आधी खाली आणावी लागते. नाहीतर नळीत हवेऐवजी कूलंटच ओढले जाते. ओढलेले कूलंट आम्ही मोजून परत भरले.

इंजिन तापवून, पायाने वेग दोन हजार फेऱ्यांवर धरून त्यांनी फुगा दाबायला सुरुवात केली. दीड मिनिटात निळ्या रंगात हिरवी झाक आली. ते म्हणाले, "हेड गॅस्केट गेली. पाणी डोक्यात जातंय. हेड उतरवा, आत्ता स्वस्तात सुटाल."

त्यांचा अनुभव मोठा आहे आणि हा तर्क उथळ नाही. बिडाच्या ब्लॉकवरचे ॲल्युमिनियमचे हेड तापल्यावर अधिक पसरते, त्या घासाघाशीत दोघांमधली पातळ पट्टी, म्हणजे गॅस्केट, थकते, आणि त्यातून अशीच, बाहेर न दिसणारी घट सुरू होते. पण या चाचणीने एवढेच सिद्ध होते की जळलेला वायू कूलंटमध्ये पोहोचत आहे. तो कोणत्या दाराने पोहोचतो हे ती सांगत नाही. या इंजिनात असे आणखी एक दार आहे : ईजीआर कूलर. एक्झॉस्टमधील थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवताना तो आधी थंड करावा लागतो. त्यासाठी या लहान डब्यात पातळ नळ्यांतून धूर जातो आणि नळ्यांभोवती कूलंट फिरते. नळीला चीर पडली की एका बाजूला कूलंट आणि दुसऱ्या बाजूला धूर यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

हेड उतरवण्याआधी या दोन दारांत फरक करणाऱ्या खुणा तपासू द्या, अशी मी त्यांना विनंती केली. त्यांनी ती मोकळेपणाने मान्य केली.

२५ जानेवारी

पहाटे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर पहिली खूण पाहिली. वरची होज दाबली तर मऊ लागली, आणि टाकीचे झाकण सैल केल्यावर फुसकारा आला नाही. झाकण लावून इंजिन चालू केले आणि होजवर हात ठेवून उभा राहिलो. गॅस्केट सिलिंडरच्या काठाशी फुटलेली असेल तर डिझेलच्या दट्ट्यावरचा प्रचंड दाब, जो ज्वलनाच्या क्षणी शंभर बारच्याही पुढे जातो, सरळ कूलंटवर येतो, आणि द्रव तापण्याआधीच एक-दोन मिनिटांत होज दगडासारखी कडक होते. येथे चार मिनिटांनंतरही ती मऊच होती.

सायलेन्सरमधून पहिल्या अर्ध्या मिनिटात पांढरा धूर आला. थंड डिझेल न जळलेल्या इंधनामुळेही पांढरा धूर सोडते, पण तो डोळ्यांना झोंबतो आणि हवेत रेंगाळतो. हा झोंबत नव्हता, हातभर अंतरावर विरत होता, आणि त्याला किंचित गोडसर वास होता.

१ फेब्रुवारी

इंजिन कोमट असताना चारही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणाऱ्या कांड्या) काढले. जुन्या इंजिनात ते हेडमध्ये तुटून बसण्याची भीती असते, म्हणून आदल्या दोन दिवशी गंज सोडवणारे तेल सोडत राहिलो आणि पाना हाताने, थोडा सैल करून पुन्हा थोडा आवळून, पुढे-मागे करत सोडवला. एका प्लगने पूर्ण अर्धा तास घेतला. घाई केली असती तर हेड उतरवण्याचे कारण मीच निर्माण केले असते.

भोकातून ४ मिलिमीटर जाडीचा दिवा असलेला कॅमेरा आत सोडला. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जाते, तेथे वाफ दट्ट्याचा माथा धुऊन काढते आणि तो शेजाऱ्यांपेक्षा उजळ दिसतो. येथे चारही माथे सारखेच काळे, कोरडे आणि काजळीने मखमली झालेले होते. त्या रात्री प्लग काढलेलेच ठेवून यंत्रणेत १.२ बार दाब दिला. सकाळी काटा ०.९ वर होता. इंधन फवारले जाऊ नये म्हणून इंजेक्टरांचे कनेक्टर काढले, चारही भोकांसमोर पांढरा कागद धरला आणि स्टार्टरने इंजिन फिरवले. कागदावर काजळीचे ठिपके उडाले, ओलाव्याचा एकही डाग उमटला नाही.

ही चाचणी मला फार महत्त्वाची वाटते, आणि केवळ निदानासाठी नाही. सिलिंडरमध्ये कूलंट साठलेले असेल आणि इंजिन तसेच चालू केले, तर द्रव दाबला जात नाही व कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढलेले असताना तो द्रव निदान बाहेर तरी उडतो.

इंजिन ऑइलची पातळी वाढलेली नाही आणि ऑइल मोजण्याच्या गजावर दुधाळपणा नाही.

८ फेब्रुवारी (१,८७,३४०)

१८ जानेवारीपासून ४३५ किलोमीटरमध्ये २७ मिलिमीटर, म्हणजे ३०० मिलिलिटर. दर कायम आहे.

आज ईजीआर व्हॉल्व्ह (परत पाठवायच्या धुराचे प्रमाण ठरवणारी झडप) आणि कूलरला जोडणारा आखूड पाईप काढला. व्हॉल्व्हच्या तोंडात अपेक्षेप्रमाणे कोरडी काळी काजळी होती, बोट फिरवले तर पावडरसारखी निघणारी. कूलरकडच्या बाजूला मात्र दृश्य वेगळे होते. पाईपच्या तळाशी काजळी ओली होऊन डांबरासारखी घट्ट बसली होती; तिच्या मधोमध करंगळीएवढ्या रुंदीचा एक ओघळ स्वच्छ धुतला जाऊन स्टील चकाकत होते, आणि ओघळाच्या दोन्ही काठांना तोच फिकट गुलाबी पापुद्रा धरला होता जो मी महिन्यापूर्वी होजखाली खरवडला होता. मी तो पुन्हा नखाने खरवडला. तसाच भुरभुरला.

९ फेब्रुवारी

पुरावा डोळ्यांना पटणारा होता, तरी आकड्यानेही पटावा म्हणून कूलर तात्पुरता वेगळा केला. त्याच्या दोन्ही कूलंट होज काढून त्या एका धातूच्या नळीने एकमेकींना जोडल्या, म्हणजे कूलंटचा फेरा पूर्ण राहील पण कूलरमधून जाणार नाही. कूलंट नसलेल्या कूलरमध्ये तापलेला धूर सोडणे योग्य नाही, म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला स्टीलची पट्टी कापून बसवली आणि धुराची वाट बंद केली. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला. तो लागणारच होता.

ही व्यवस्था आठवड्याच्या चाचणीपुरतीच आहे. असा कूलर कायमचा बंद करून गाडी वर्षानुवर्षे चालवणारे अनेक जण आहेत, पण धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठीच हा फेरा बसवलेला असतो. आपली अडचण सुटावी म्हणून ती दुसऱ्याच्या श्वासात सोडणे मला मान्य नाही.

१६ फेब्रुवारी (१,८७,७३०)

३९० किलोमीटर झाले. याच अंतरात आधीच्या दराने २६० मिलिलिटरहून अधिक कूलंट जायला हवे होते, म्हणजे पातळी २४ मिलिमीटर उतरायला हवी होती. ती १ मिलिमीटर उतरली आहे. सकाळचा गोडसर वासाचा धूर पूर्ण थांबला आहे.

मेकॅनिक स्नेह्यांना पट्टी दाखवली. त्यांनी रसायनाची चाचणी स्वतःहून पुन्हा घेतली. या वेळी पाच मिनिटे फुगा दाबूनही द्रव निळाच राहिला. हेडबद्दल आता त्यांनाही शंका उरलेली नाही.

२० फेब्रुवारी

कूलर काढून बाकावर घेतला. कूलंटच्या एका तोंडाला रबरी बूच घट्ट बांधले, दुसऱ्याला सायकलचा पंप आणि दाबमापक जोडला, आणि सगळे बादलीतील थंड पाण्यात बुडवून १.२ बार दाब दिला. धुराच्या तोंडातून साधारण वीस सेकंदांना एक बुडबुडा सुटत होता, टाचणीच्या डोक्याएवढा. लक्ष नसते तर तो नजरेतून निसटला असता. थंड चाचणीत अर्ध्या तासात काटा जेमतेम का हलला होता, ते येथे दिसले.

नंतर ते पाणी ओतून देऊन ७० अंशांचे पाणी घेतले आणि कूलर त्यात दहा मिनिटे मुरू दिला. आता बुडबुड्यांची अखंड माळ वर येऊ लागली. तोंडातून दिवा टाकून पाहिले तर नळ्या ज्या जाड पत्र्यात बसवलेल्या असतात, त्या जोडावर, खालून दुसऱ्या नळीच्या कडेला, केसाएवढी चीर होती. एका बाजूने शेकडो अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूने नव्वद अंशांचे कूलंट, आणि प्रत्येक फेरीत तापणे-निवणे. सतरा वर्षांनी जोड थकला, यात त्याचा दोष नाही.

या एका चिरेतून दोन्ही दिशांनी वाहतूक होत होती. चढावर इंजिनावर भार आला की टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) आधीच्या एक्झॉस्टमधील दाब कूलंटच्या दाबापेक्षा वर जातो आणि धूर कूलंटमध्ये घुसतो. रसायन हिरवे झाले ते या मार्गाने साठलेल्या वायूमुळे. भार उतरला किंवा गरम इंजिन बंद केले की पारडे फिरते आणि कूलंट धुराच्या नळीत उतरते. रात्रभरात यंत्रणेतील दाब या वाटेने निघून जात असल्यामुळे सकाळी होज मऊ लागत होती.

२२ फेब्रुवारी (१,८७,७६०)

नवा कूलर बसवला. सगळी गॅस्केट नवी, बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने थोडे-थोडे करत आवळले. ओली काजळी पुढे जाऊ नये म्हणून पाईप आणि व्हॉल्व्ह पूर्ण साफ केले. जुने कूलंट काढून टाकले, कारण त्यात महिनोन्‌महिने धूर मिसळत होता आणि आम्लता वाढलेल्या कूलंटमधील गंजरोधक टिकत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच नवे कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरले. रंग जुळतो म्हणून वेगळ्या प्रकारचे भरणे चालत नाही, रंग हा प्रकाराचा पुरावा नव्हे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वरची होज हाताने दाबत, बुडबुडे येणे थांबेपर्यंत हवा काढली. स्टीलची पट्टी आणि जोडनळी काढून टाकली, आणि इंजिनाचा दिवा विझवला.

गरम दाबाची चाचणी पुन्हा तशीच घेतली : ६० अंशांवर १.४ बार, बॉनेट टेकवलेले. वीस मिनिटांनी १.३.

१५ मार्च (१,८८,६४०)

८८० किलोमीटर. पहिल्या दोन दिवसांत पातळी ४ मिलिमीटर उतरली. ती कोपऱ्यांत अडकलेली हवा सुटल्यामुळे. २४ फेब्रुवारीपासून आजपर्यंतच्या सर्व सकाळच्या नोंदींत ती त्याच खुणेवर आहे. चिकटपट्टी टाकीवर तशीच राहू देणार आहे. पुढची नोंद दोन हजार किलोमीटरनंतर.